जमणा हात

माझा स्वभाव तापट. हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी पाठीमागे बोलायला नको. चोपड्यात आमच्या गल्लीत कोणालाही विचारा, झुंबरबाई खापराशी बसली की तिकडे कोणी फिरकत नाही. खापर म्हणजे चुलीवर पालथं घातलेलं मातीचं मोठं भांडं. त्यावर आम्ही मांडे करतो. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत, फिरवत, कोपरापर्यंत वाढवायचा आणि फाटायच्या आत खापरावर टाकायचा. माझा मांडा सुपाएवढा व्हायचा आणि त्यातून पलीकडचा उजेड दिसायचा. खोटं वाटत असेल तर जाऊ द्या.

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. त्याच्या आधीच्या दिवाळीपासून माझा उजवा खांदा धरला होता. हात छातीच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाले, खांदा जाम झालाय, हात वर करत जा. अहो, तो वर जात नाही म्हणून तर मी तुमच्याकडे आले! मग मालिश करणारी धुरपदाबाई आली. तिने हात धरून असा ओढला की मी तिला तेलाच्या वाटीसकट घराबाहेर काढलं. अंबाडासुद्धा मला घालता येईना, तो आमचे हे घालायचे. केळीचे घड उचलणारा माणूस तो. त्यांनी घातलेला अंबाडा दुपारपर्यंत कानावर उतरायचा.

तेही मी सोसलं असतं. पण माघात कोकिळेचं पत्र आलं. कोकिळा माझी एकुलती एक लेक, मागच्याच वैशाखात धुळ्याला दिलेली. तिने लिहिलं होतं, ‘आई, घरी पाहुणे होते. चोपड्याची सून म्हणून मला खापराशी बसवलं. माझे तिन्ही मांडे चुलीत पडले. कोणी काही बोललं नाही, पण मला फार लाज वाटली. या आखाजीला मला शिकवशील का? रागावू नकोस.’

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे लेकी त्या दिवशी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, घरोघर मांडे आणि आमरस. कोकिळेची ही लग्नानंतरची पहिली आखाजी. आणि पोरगी आईला काय लिहिते, तर रागावू नकोस! मी पत्र घेऊन बसले आणि रडले. ती दहा वर्षांची असल्यापासून उंड्याला हात लावायला यायची, आणि मी म्हणायची, “सरक! तुझ्याने व्हायचं नाही.” त्यातून ती डावखुरी. जेवताना, लाटताना डावा हात पुढे आला की मी त्यावर चापट मारायची. चापटा खाऊन ती उजव्या हाताने करायला शिकली आणि चुलीपासून हातभर लांब बसून बघायला शिकली. मांडे मात्र मी तिला शिकवले नाहीत. आता शिकवायचे म्हटलं तर हात वर जात नव्हता.

शेजारच्या घरात माझी धाकटी जाऊ राहते, भिकुबाई. पत्राचं कळताच ती आली आणि म्हणाली, “अक्का, यंदा खापरवर मी बससू. कोकिळाले मीच शिकाडसू.”

“का? मी मेले का?” मी म्हणाले. बिचारी चहा न घेताच गेली. ती चांगल्या मनाने बोलली होती, हे मला ती गेल्यावर समजलं. माझं नेहमी असंच होतं.

मग ह्यांनी माळ्यावरून एक पुस्तक काढून दिलं. अमळनेरचे कापसाचे व्यापारी रतिलालभाई ह्यांचे दोस्त. ह्यांची कंबर धरली होती तेव्हा त्यांनी दिलेलं योगासनांचं पुस्तक, पण गुजरातीत. “तुला येतं ना गुजराती?” हे म्हणाले.

येतं म्हणजे काय! माझं माहेर नवापूर, गुजरातच्या वेशीवर. लहानपणापासून दुकानांवरच्या पाट्या वाचलेल्या. आपल्या अक्षरांच्या डोक्यावरची रेघ काढून टाकली की झालं गुजराती. मी पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर एक माणूस एक हात वर करून ताठ उभा. खाली लिहिलेलं, ‘जमणो हाथ ऊंचो करो.’ मी खूश झाले. जमणा हात, म्हणजे जो जमतो तो! पुढे होतं, ‘डाबो हाथ नीचे राखो.’ डाबो म्हणजे दाबलेला, दुखरा. गुजराती माणसं ‘द’चा ‘ड’ करत असतील, असं मी ठरवून टाकलं. आणि शेवटी, ‘जेटलुं थाय तेटलुं.’ होईल तेवढंच.

काय सांगू, मला त्या लिहिणाऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं. डॉक्टर म्हणतो वर कर, धुरपदाबाई म्हणते वर कर, आणि हा एकटा समजूतदार माणूस म्हणतो, बाई, जो जमतो तो आधी कर. दुखऱ्याला खाली आराम करू दे. मग सावकाश त्याची पाळी, तीही होईल तेवढीच.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी गोधडी घेऊन धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर गेले. डावा हात वर केला, तो सुखाने गेला. मग उजव्याला म्हटलं, ये बाबा, तुझं काय म्हणणं आहे? तो छातीपर्यंत आला आणि थांबला. मी ओढलं नाही. श्वास सोडला, तर बोटभर आणखी गेला. बोटभरच, पण धुरपदाबाईने ओढून गेला नव्हता तो आपणहून गेला, आणि मी एकटीच हसले.

तेव्हापासून रोज सकाळी माझा पहिला प्रश्न, “आज कोण जमणा?” एका पायावर उभं राहायचं असेल तर आधी दोन्ही पायांना विचारायचं. कधी डावा हो म्हणायचा, कधी उजवा. झाडासारखं उभं राहायच्या आसनात पहिल्या दिवशी मी तीन आकडे मोजेपर्यंत टिकले. महिन्याभरात साठ झाले. आणि एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती ती सांगते. मी खांद्यासाठी म्हणून धाब्यावर जात होते, पण पंधरा दिवसांनी मला खांद्याची आठवणच राहीना. मला ते आवडायला लागलं हो! पंचेचाळीस वर्षं हे अंग मी नुसतं राबवलं होतं. त्याला कधी काही विचारलं नव्हतं.

मग मला हावच सुटली. रेडिओवर सकाळी एक बाई प्राणायाम सांगायची. तो प्रकार अगदी निराळा, जागचं हलायचं नाही, सगळा खेळ नाकाचा. तिने कान बंद करून भुंग्यासारखं गुणगुणायला सांगितलं. मी देवघरापुढे बसून केलं. इतकं छान वाटलं की थांबावंसंच वाटेना. तेवढ्यात भिकुबाई धावत आली. “व माय! अक्का, काय हुयनं? कसाले रडी ऱ्हायनी?” तिला वाटलं मी रडतेय. मी तिला खाली बसवलं आणि तिलाही कानात बोटं घालायला लावली. आम्ही दोघी जावा गुणगुणत बसलो. तिचा मागचा चहा राहिला होता, तो त्या दिवशी दोनदा झाला.

ह्यांची तऱ्हा आणखी तिसरी. तरुणपणी तालमीत शिकलेले सूर्यनमस्कार. म्हणाले, “तुझं ते हळूबाईचं काम. हे बघ खरं!” आणि धाब्यावर असे दणादण घातले की खाली फडताळातल्या बरण्या वाजल्या. मीही दोन घालून बघितले. दुसऱ्याच्या मध्यावर मी भुईवर पालथी, आणि उठता येईना इतकी हसत होते. तीन प्रकार झाले, आणि तिन्ही मी ठेवले. आधी पुस्तकातलं, मग ह्यांचे नमस्कार माझ्या चालीने, शेवटी रेडिओवालीचा भुंगा.

आखाजी चार दिवसांवर आली. हात कानापर्यंत जायचा, पण मांडा झेलायचा म्हणजे नुसतं जाऊन भागत नाही. भीतीने मी उंडा हातात घेऊन बघितलाच नव्हता. कोकिळा येईल, समोर बसेल, आणि मी काय दाखवणार?

त्या दिवशी नेमके रतिलालभाई आले. हे फुशारकीने म्हणाले, “भाई, तुमची चोपडी आमच्या घरात पाठ झाली आहे.” मग काय, मी पुस्तक आणलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. “जमणो हाथ ऊंचो करो,” आणि डावा हात झोकात वर केला.

रतिलालभाई कप खाली ठेवून म्हणाले, “भाभी, जमणो एटले तर उजवा. डाबो एटले डावा. तुम्ही उलटा केला ने!”

हे जे हसायला लागले ते खाटेवरून खाली बसले. “नवापूरची गुजराती! डोक्यावरची रेघ काढली की झालं!”

माझं डोकं सणकलं. अडीच महिने! अडीच महिने मी उलटंच करत होते, आणि चार दिवसांनी माझी लेक येणार होती. म्हणजे तो समजूतदार माणूस कुठे नव्हताच. त्याने कोणाला विचारायला सांगितलं नव्हतं, आराम करू द्यायला सांगितलं नव्हतं. तोही डॉक्टरसारखाच, उजवा वर कर म्हणणारा! “जळो तुमचं पुस्तक!” मी ओरडले आणि ते उचलून माळ्यावर भिरकावलं. ते मागच्या भिंतीला आपटलं.

ह्यांचं हसणं एकदम थांबलं. “अगं,” ते म्हणाले, “कोणत्या हाताने फेकलंस?”

मी वर बघितलं. हात अजून वरच होता. उजवा. रागाच्या भरात खाली घ्यायचा राहून गेला होता.

मग आम्ही तिघंही हसलो आणि मी थोडी रडलेही. रतिलालभाई टाळी देत म्हणाले, “चोपडी खोटी, भाभी साचां!” ह्यांनी शिडी लावून पुस्तक खाली काढलं. मी त्याच्यावरची धूळ पदराने पुसली आणि मनातल्या मनात त्याची माफी मागितली.

आखाजीच्या आदल्या दिवशी कोकिळा धुळ्याच्या एसटीने आली. जरा वाळली होती. मी तिला हात वर करून दाखवला, मागे नेऊन अंबाडा घालून दाखवला. ती म्हणाली, “आई, तू हसतेस किती!”

आखाजीच्या सकाळी खापर तापलं. भिकुबाई कणीक तिंबून बसली होती. नैवेद्याचा पहिला मांडा मी केला. पूर्वीच्या पाऊणच झाला, खांद्यात कळही आली, पण तो फाटला नाही. मी मागे वळून बघितलं तर कोकिळा सवयीने चुलीपासून हातभर लांब बसलेली.

“सरक,” असं माझ्या तोंडात आलं होतं. मी ते गिळलं. “मी सरकते,” मी म्हणाले. “तू बस इथे.”

तिने उंडा घेतला. उजव्या हातावर झेलला, पसरला, आणि तो मध्येच फाटून पुरण चुलीत पडलं. धूर झाला. कोकिळेने मान आत ओढली आणि डोळे मिटले. ती माझ्या ओरडण्याची वाट बघत होती. आणि खरं सांगते, ओरडणं माझ्या गळ्यापर्यंत आलंही होतं. पण माझी लेक माझ्यासमोर डोळे मिटून बसली होती, आणि आधी विचारायचं हे मी अडीच महिने रोज शिकत आले होते.

“कोकिळे,” मी विचारलं, “तुझा जमणा हात कोणता?”

“म्हणजे?”

“जो जमतो तो. गुजरातीत काही का असेना.”

तिने हळूच डावा हात पुढे केला, अर्धाच, तिच्या लहानपणी मी चापट मारायची तिथपर्यंत. “हा चालेल?” तिने विचारलं.

मी तो हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. त्यावर नवा उंडा ठेवला. “ह्याच्यावरच भार घे,” मी म्हणाले. “दुसऱ्याला होईल तेवढंच करू दे. आणि श्वास सोड बाई, धरून बसू नकोस.”

तिने श्वास सोडला. उंडा डाव्या हातावर बसला, फिरला, मनगटापर्यंत वाढला, मग त्याच्याही पुढे गेला. भिकुबाई ओरडली, “टाक, टाक!” कोकिळेने टाकला. तो खापरावर पडला आणि तिथेच राहिला.

एका बाजूला जाड होता, लांबडा होता, कड करपली होती. मी तो ताटात घेतला, आमरसात बुडवून सगळा एकटीने खाल्ला, आणि ह्यांनी दोनदा मागूनही एक घास दिला नाही.