पडद्याचा डावा कोपरा

"'माय मरून राहिली' असंच लिहा ना, गयासभाई! त्याबिगर तो उठणार नाही."

चंद्रभान प्रोजेक्टरच्या खोलीच्या दारात धापा टाकत उभा होता. बार्शीटाकळीहून तो सायकल हाणत आला होता. त्याचा चुलतभाऊ देवमन सकाळी आईचे औषध न्यायला अकोल्यात आलेला. औषध मिळाले, परतीच्या मोटारीला अवकाश होता, म्हणून तो दुपारच्या खेळाला जाऊन बसला. आणि इकडे गावात त्याच्या आईचा, पंचफुलाबाईंचा, श्वास अडखळू लागला.

"दारातून हाक मारली, तं लोकायनं मलेच गप केलं. म्हातारी त्याचंच नाव घेऊन राहिली, भाई."

"बोलावतो ना. पण ते नाही लिहिणार मी," प्रोजेक्टर चालवणारा गयासुद्दीन म्हणाला. "एवढ्या लोकायसमोर कोणाच्या मायचं मरण नाही दाखवत आपण. तो बाहेर आला की तू सांग. खांद्यावर हात ठेवून सांग."

काजळी धरलेल्या काचेवर तो सुईने अक्षरे कोरू लागला. 'देवमन, बार्शीटाकळी. बाहेर या.' ही काच दुसऱ्या दिव्यापुढे सरकवली की चालत्या चित्रावरच पांढरी अक्षरे उमटत.

तो शिकाऊ असताना त्याच्या उस्तादांनी एका बापाला लेकराच्या मृत्यूची बातमी अशीच उघडी लिहून दाखवली होती. पडद्यावर तेव्हा विनोदी प्रसंग रंगला होता. अंधारातून फुटलेल्या त्या माणसाच्या आरोळीला सारी टॉकीज खदखदून हसली. ते हसू गयासुद्दीनच्या कानांतून पुढे कधी गेलेच नाही. तेव्हापासून त्याची अक्षरे खालच्या डाव्या कोपऱ्यात येत, कुणाचा चेहरा न झाकता. संवाद चालू असता कधीच नाही, गाण्यात गळा थांबून नुसती वाद्ये वाजू लागली की. आणि निरोप एवढाच, की माणूस उठून बाहेर यावा. दुसऱ्याच्या तंद्रीत शिरायचे तर चपला दाराशी काढून शिरावे, असे त्याला वाटे. तो कोपरा उजळला की लोक क्षणभर श्वास रोखून आपले नाव तर नाही ना, ते पाहत. डॉक्टर उठत, सुइणी उठत.

दिवाळीपासून मात्र मालक खुशालरावांनी त्याच कोपऱ्यात जाहिराती सुरू केल्या होत्या. दंतमंजन, लुगडी, छत्र्या.

"शेठ, मध्यंतरात दाखवू ना," गयासुद्दीन तेव्हा म्हणाला होता. "चालत्या चित्रावर रोज मंजन टाकलं तं लोक तिकडं पाहणंच सोडतीन."

"मध्यंतरात लोक चहा पेतेत, का तुहं मंजन पाहतेत? लोकायले डोये आहेत ना? पाहतीन बराबर!" शेठ हसले होते. "तू काच सरकव, गयास. अक्कल मी सरकवतो."

गाणे सुरू झाले. कडवे संपून सारंगी लागताच गयासुद्दीनने काच सरकवली. कोपरा उजळला. कुणीच उठले नाही. पुढच्या कडव्यानंतर त्याने पुन्हा काच लावली, या वेळी जरा जास्त वेळ.

"काढ ना बे मंजन!" पुढच्या रांगांतून एकजण ओरडला. मागोमाग शिट्ट्या उठल्या. "दात घासूनच आलो ना बे आमी!"

टॉकीज हसली. त्या हशात गयासुद्दीनला तो जुना हशा ऐकू आला. चंद्रभान जिना उतरून दाराशी जाऊन उभा राहिला.

मग गयासुद्दीनने आयुष्यात कधी केले नव्हते ते केले. प्रोजेक्टरच्या प्रकाशापुढचा पत्रा त्याने खाली पाडला आणि दुसऱ्या दिव्याचे तोंड मधोमध वळवले. गाणाऱ्या नायिकेचा चेहरा विझला. काळ्याभोर पडद्याच्या मधोमध देवमनचे नाव उभे राहिले. शिव्या झाल्या, बाकडी आपटली गेली. आणि त्या कल्लोळात पुढच्या रांगेतून एक माणूस हळूहळू उठला. त्याने खिशावर हात दाबून धरला होता. खिशात औषधाची बाटली होती.

खेळ मोडला म्हणून शेठनी त्या दिवशी गयासुद्दीनला सज्जड दम भरला. "पुन्हा असं झालं, तं घरी बस."

आईच्या मृत्यूनंतरचा पुण्यानुमोदनाचा विधी आटोपून काही दिवसांनी देवमन त्या खोलीच्या दारात आला. 

"पोचलो तवा दारात बाया बसल्या होत्या," तो म्हणाला. "जरासाच उशीर झाला म्हने."

गयासुद्दीनने स्टूल पुढे केले. तो बसला नाही.

"भाई, पयल्यांदा कोपऱ्यात उजेड पडला, तो दिसला होता मले. मंजनच वाटलं. आन् दुसऱ्यांदा... ते 'काढ ना बे' म्हणून पयले मीच वरडलो होतो."

  गयासुद्दीनने देवमनच्या खांद्यावर हात ठेवला.

देवमन खाली गेला. तिकीट काढून त्याच पुढच्या रांगेत बसला.

खेळ सुरू झाला. शेठनी लावून ठेवलेल्या जाहिरातींच्या काचा पेटीत ओळीने उभ्या होत्या. पहिले गाणे आले, गेले. गयासुद्दीनने पेटीचे झाकण उघडले नाही.

"गयास! मंजन कुठं आहे बे?" जिन्याखालून शेठचा आवाज आला. मग त्यांची पावले जिना चढू लागली.

त्याने भिंतीतल्या चौकोनी भोकाला डोळा लावला. पडद्यावर विनोदी प्रसंग चालू होता आणि सारी टॉकीज हसत होती. पुढच्या रांगेतले एकच डोके डावीकडे, खाली कलले होते. देवमन त्या रिकाम्या, अंधाऱ्या कोपऱ्याकडे पाहत होता.