लाल रबर, पिवळं रबर

लाल रबर आईच्या पुडक्याला, तिखट. पिवळं बाबांच्या, बिनतिखट... की उलट? सायकलच्या टोपलीत भाताची दोन पुडकी, आणि वेनिंगच्या डोक्यात वर्गातल्या तिआसने पैजेवर घुसवलेला प्रश्न: संपवाल्यांना हटवायचा हुकूम आला, तर तुझे बाबा तुझ्या आईला हटवतील? विचारून दाखव! वर्गप्रमुख ना तू?

होतीच ती वर्गप्रमुख. गेल्या सोमवारी बाईंनी स्वतः बिल्ला लावला, तेव्हापासून तिचा आवाजसुद्धा उंच झाला होता. आरशासमोर नऊ वेळा लावून झाला होता तो...

तांगेरांग शहरातल्या बुटांच्या कारखान्यासमोर शिलाईच्या बायका संपावर, चटयांवर बसलेल्या, मधोमध आई. फाटकाच्या आत बाबा, रखवालदाराच्या गणवेशात. सकाळी दोघं एकाच मोटारसायकलवरून येतात आणि इथे उतरल्यावर जणू ओळखच नाही—कसं जमतं हे त्यांना?

वेनिंगने गजांतून पुडकं आत दिलं. पहिल्याच घासाला बाबांच्या डोळ्यांत पाणी.

"अगं, हे तुझ्या आईचं!"

"बाबा, आईला हटवायचा हुकूम आला तर हटवाल?"

घास हातातच राहिला. "मला विचारतंय कोण, पोरी? हुकूम येतो." डोळे अजून ओले. तिखटानेच ना?

"म्हणून तर बसलोय," आई गजांपाशी आली. "आमच्या वतीनं बोलणारी आम्ही निवडणार, कंपनी नाही. झाडूवालीला एक मत, कारागिराला एक. अहो, तुम्हा रखवालदारांनाही देऊ एकेक, रडू नका! आणा माझं पुडकं, निम्मं संपवलंत."

पुडकी गजांतून इकडची तिकडे झाली. बायका हसल्या, बाबाही. वेनिंगचा हात मात्र बिल्ल्यावर गेला. मला कुणी निवडलं? वर्गाने टाळ्या वाजवल्या होत्या... बाईंनी वाजवायला सांगितल्या म्हणून. मत घेतलं तर तिआसच निवडून येईल, सगळी पोरं तिचंच ऐकतात. मग मी कोण उरते? आणि बाई चिडल्या तर? पण झाडूवालीला एक, कारागिराला एक...

"आई, बाबा, ऐका!" आवाज उंच लागला आणि मध्येच चिरकला. "उद्या बिल्ला परत देणार मी. बाईंना सांगणार, चिठ्ठ्या टाकून निवडू द्या."

"आणि हरलीस तर?" बाबा म्हणाले.

"हरेन बहुतेक." बोटं पिनेपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. "पण देणार. उद्या... उद्या नक्की."