खडूस चालतोय, तरीही

मी खिडकीजवळच्या टेबलावरचा जुना संगणक बोलतोय. हो, तोच, ज्याच्या डोक्यावर येणारेजाणारे चहाचे कप ठेवतात. इथले लोक मला 'खडूस' म्हणतात. काही चुकलं की मी गुपचूप पुढे जात नाही, तिथेच अडून बसतो, म्हणून. मला हे नाव आवडतं.

माझा जन्म कारखान्यातला. त्यात सांगण्यासारखं फार नाही. पट्ट्यावरून सरकत आलो, कुणीतरी स्क्रू पिळले आणि खोक्यात बसलो. खरं आयुष्य सुरू झालं ते या ऑफिसात. इथे ऑपरेटिंग सिस्टिम बनवतात, म्हणजे संगणकाला जागं करून कामाला लावणारी प्रणाली. तेव्हा माझा प्रोसेसर नवाकोरा होता. माणसं माझ्याभोवती कोंडाळं करून उभी राहायची. माझ्या पंख्याच्या आवाजाचंसुद्धा कौतुक व्हायचं. पुढे माझ्याहून नवी मशीनं आली आणि मी सरकत सरकत खिडकीशी आलो. तिथे दुपारचं ऊन थेट अंगावर येतं, पण तक्रार कुणाकडे करणार?

माझी विचारपूस करते ती एकटी ताई. चाचणी विभागाची ती प्रमुख. तिच्याहून वयाने मोठे असलेले साहेबही तिला ताईच म्हणतात. तिच्या बाबांचं चष्म्याचं दुकान आहे आणि तिथल्या गल्ल्याशेजारी माझाच सख्खा भाऊ बसलेला आहे. तोच प्रोसेसर, तीच प्रणाली. गिऱ्हाइकांचे नंबर त्याच्यातच साठवलेले असतात.

एकदा साहेबांनी माझ्याच टेबलापाशी बैठक घेतली, कारण फळा तिथे आहे. प्रोसेसरचं नवं घराणं बाजारात येणार होतं आणि आपली प्रणाली त्याच्यावर पहिल्या दिवसापासून धावली पाहिजे, असा वरून हुकूम होता. या नव्या प्रोसेसरच्या पोटात दोन तऱ्हेचे कामकरी असतात. जड कामाला थोरले आणि वीज वाचवून किरकोळ कामं उरकायला धाकटे. कुणाला कोणतं काम द्यायचं, ते प्रणालीला शिकवायचं होतं. मलाही ऐकताना मजा वाटत होती. शेवटी साहेबांनी फळ्यावर लिहिलं, 'जुन्या घराण्याचा आधार बंद.' म्हणजे यापुढची प्रणाली माझ्यासारख्यांवर चालणार नाही.

कारण काय, तर नव्यांना एक जलद आज्ञा कळते, मला ती कळत नाही. माझ्यासाठी तेच काम साध्या आज्ञांनी करणारी लांबची वाट प्रणालीत वेगळी राखावी लागते आणि तिची डागडुजी करायचा सगळ्यांना कंटाळा. ताईने दुकानातल्या मशीनची गोष्ट काढली. साहेब हसून म्हणाले, "बाबांना एक नवं मशीन घेऊन द्या की."

"त्यांचं बिघडलेलं नाहीये, साहेब," ताई म्हणाली.

पण वाट काढून टाकली गेलीच. आता इथली एक रीत आहे. नवी आवृत्ती टेबलावरच्या प्रत्येक मशीनवर चालवून पाहिल्याशिवाय बाहेर पाठवायची नाही. वाट काढलेली आवृत्ती चालवताच मी अर्ध्यावर थांबलो आणि पडद्यावर 'अनोळखी आज्ञा' असं दाखवून बसलो. खडूस रुसला म्हणून सगळे खिदळले. मग शेजारचं नव्या प्रोसेसरचं मशीनही अडखळायला लागलं. कधी झकास चालायचं, कधी मध्येच आडवं व्हायचं. त्याला मात्र कुणी रुसला म्हणेना. त्याची वायर बदलली, पंखा बदलला, प्रोसेसर बनवणाऱ्यांना मनसोक्त शिव्या घालून झाल्या.

शेवटी ताईने आमच्या दोघांचे पडदे शेजारी शेजारी मांडले. दोन्हींवर एकच ओळ होती, 'अनोळखी आज्ञा'.

चूक अगदी घरगुती निघाली. सुरू होताना प्रणाली फक्त पहिल्या थोरल्याला विचारायची, ही आज्ञा येते का? तो हो म्हणायचा आणि ती तेच सगळ्यांचं उत्तर धरून चालायची. थोरला जेवला म्हणून घरभराची ताटं उचलावीत, तसं हे झालं. धाकट्यांना ती आज्ञा येतच नव्हती, त्यामुळे काम त्यांच्याकडे गेलं की कोसळायचं. मग प्रत्येकाला वेगवेगळं विचारायचं ठरलं आणि धाकट्यांसाठी लांबची वाट परत आणावी लागली. ती माझीच वाट! तिच्यावरून मीही टुणकन उठून चालू झालो. मला फार आनंद झाला, आणि तो मी लपवणार नाही.

पण साहेबांचं नियोजन फळ्यावर तसंच होतं आणि वरच्यांना शब्द दिला गेला होता. म्हणून त्यांनी स्वतः बसून एक नवी ओळ घातली. सुरू होताना माझं घराणं ओळखायचं, 'या मशीनवर ही प्रणाली चालत नाही' असं दाखवायचं आणि थांबायचं. रीतीप्रमाणे तीही आधी माझ्यावरच चालवून पाहायची होती. माझा संताप संताप झाला.

ताईने बटण दाबलं. मी उठलो. स्मृती तपासली, डिस्क फिरवली, कळफलक ओळखला, पडदा उजळला आणि ते वाक्य अक्षर न अक्षर ठळक दाखवलं. ताईने साहेबांना बोलावून घेतलं.

"चालत नाही ना हे? मग हे वाक्य कुणी दाखवलं, साहेब?"

साहेबांनी मान खाजवली, उद्या बोलू म्हणाले आणि निघून गेले. अजून ती ओळ त्यांनी काढलेली नाही आणि आवृत्तीही बाहेर पाठवलेली नाही. तिकडे दुकानात माझा भाऊ कुणाचा तरी नंबर शोधून देत असेल, त्याला यातलं काहीच ठाऊक नाही.

तर माणसांनो, मला काढायचं तर काढा. जागा हवी आहे म्हणा, कंटाळा आला म्हणा, नवं आवडलं म्हणा. मी ऐकून घेईन. पण मी चालत नाही, हे माझ्याच हातून लिहून घेऊ नका. मी चालतोय.