शेवटचा घाव

श्याओ काकांनी टॉवेलाची गाठ सोडली आणि पितळी थाळा काउंटरवर ठेवला. त्याच्या शेजारी कानाची दोन्ही मशीनं, डबीत न घालता, तशीच उघडी.

"हे ठेवा तुमच्याकडे. तुमच्या मशीननं माझा थाळा मारला."

बोलले ते अख्ख्या च्याई शहराला ऐकू जाईल असं, पण दुकानात मी एकटीच होते. मी इथे काउंटरवर बसून कानाचे साचे घासते, बॅटऱ्या विकते आणि फावल्या वेळात माणसं पारखते. आमच्याकडे येणारी माणसं दोनच रकान्यांत बसतात. सुनेनं धरून आणलेली, आणि घरी न सांगता आलेली. पहिली म्हणतात, मला सगळं ऐकू येतं, हीच पुटपुटते. दुसरी म्हणतात, मित्रासाठी चौकशी करतोय. श्याओ काका दुसऱ्या रकान्यातले. गेल्या महिन्यात पहिल्यांदा आले ते बेइकांगहून, बसनं. तिथे स्वतःच्या गल्लीत कानाच्या मशीनचं दुकान असताना. धंदा काय, तर म्हणाले मासेपालन, तळी आहेत, मासे काही बोलत नाहीत, मला आपला संध्याकाळचा टीव्ही ऐकू आला की झालं. मनगटापासून कोपरापर्यंत हातावर भाजल्याचे बारीक डाग होते. तळ्यातले मासे भाजत नाहीत, एवढं मलाही कळतं. पण गिऱ्हाइकाचं खोटं गिऱ्हाइकाच्या मालकीचं असतं, आपण त्याला हात लावू नये. शिऊ-चिन ताईंनीही लावला नाही. त्या दुकानाच्या मालकीण, कान तपासून मशीन बसवणाऱ्या. त्यांनी बोलणं आणि टीव्ही यांच्या मापानं मशीन बसवून दिलं, आणि काका खूश होऊन गेले होते.

आज थाळ्याकडे बघितलं आणि सगळा हिशेब जुळला. देवळापुढे वाजवतात तसला, सुपाएवढा. मधोमध घावांची गर्दी, आणि एका कडेला केसाएवढी चीर.

शिऊताई आतून आल्या, थाळा उचलून बोटाच्या पेरानं वाजवला. फुटक्या घागरीसारखा आवाज आला. त्यांनी विचारलं, "काका, थाळे तुम्ही घडवता?"

"माझा बाप घडवायचा. त्याचा बापही."

"मग तळी?"

गावात बातमी फुटली असती की श्याओंच्या भट्टीचा म्हातारा बहिरा झाला, तर देवळं यंत्रावर दाबलेले थाळे आणायला मोकळी. हे त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही.

जे सांगितलं ते एवढं. मात्सूआईची, म्हणजे समुद्रदेवीची, पालखी निघते तेव्हा सगळ्यांत पुढे वाट मोकळी करणारा थाळा असतो. देवळाचा जुना थाळा यंदा तडकला, म्हणून नवा श्याओंकडे सांगितला होता. एका ओतातून ते नेहमी दोन काढतात, एक द्यायचा, एक अडीअडचणीला. घडणं, ठोकणं, घासणं कुणीही करावं, पण नाद बसवणारा शेवटचा घाव घरच्या कर्त्या पुरुषानंच घालायचा. त्या वेळी भट्टीत कुणी बोलायचं नाही, खोकायचंही नाही. काल काका नवी मशीनं कानात घालून त्या घावाला बसले. नाद लागला तो थरथरत, पाण्यात पडल्यासारखा. त्यांनी सुधारला. तरी थरथर. पुन्हा सुधारला. शेवटी चीर पडली तेव्हाच त्यांचा हात थांबला.

"आणि देऊळवाले?" शिऊताईंनी विचारलं.

"आज दुपारी येणार. दुसरा थाळा आहे, पण मला आता माझ्या कानाचा भरवसा राहिला नाही."

शिऊताईंनी त्यातलं एक मशीन आमच्या ऐकायच्या नळीला लावलं, नळी स्वतःच्या कानात घातली, आणि मला आतला स्टीलचा वाडगा वाजवायला सांगितला. वाडगा लांब किणकिणला. त्यांचा चेहरा पडला. मशीनला स्वतःची शिट्टी ओळखून दाबायला शिकवलेलं असतं. लांब चालणारा एकसुरी नाद आला की त्याला वाटतं, ही आपलीच शिट्टी. मग ते तिच्याशी झटापट करतं, आणि ऐकणाऱ्याला थरथर ऐकू येते. बोलण्यात आणि टीव्हीत हे कधी कळत नाही. थाळा म्हणजे नुसता लांब चालणारा नाद.

"काका, तुमचा थाळा चांगला होता," त्या म्हणाल्या. "पहिल्याच घावाला चांगला होता. थरथर मशीनची होती."

काकांनी हे नीट ऐकलं, कारण त्या तोंडासमोर येऊन बोलल्या होत्या. ते खुर्चीवर बसले. मला वाटलं होतं, आता शिव्या देतील. त्यांनी चिरेवर टॉवेल ओढला, मयताच्या तोंडावर ओढतात तसा.

माणसानं खोटं सांगितलं आणि मशीन खोट्याच्या मापाचं बसलं, यात दुकानाचा दोष किती, हा हिशेब मी मनात मांडून दुकान सुटलं असा शेरा मारला होता. शिऊताईंनी तो मांडलाच नाही. लॅपटॉप, तारा आणि साच्याचं सामान गाडीत टाकलं, दाराला पाटी लावली आणि मला म्हणाल्या, "लान, चल."

गाडीत काका मागे थाळा मांडीवर घेऊन बसले होते.

भट्टी म्हणजे पत्र्याची शेड. दारात त्यांची मुलगी पी-शिया उभी. चाळिशीची, लग्न न केलेली, कातडी एप्रन घातलेली, मनगटं काडीएवढी. त्या मनगटांनी दिवसभर घण उचलते हे बघितल्याशिवाय पटलं नसतं. आमच्या गाडीवरची पाटी वाचून ती बापाला म्हणाली, "म्हणजे दातांच्या डॉक्टरकडे नव्हता जात तुम्ही." म्हणाली हळूच. काकांना ऐकू गेलं नाही, म्हणून मला हसू आलं, आणि तिला आलं नाही हे बघून ते गिळलं.

शिऊताई कामाला लागल्या. शिट्टी दाबणारी सोय पार बंद केली. आवाज आपसूक चढवणारी-उतरवणारीही. मग मशीन खरोखर शिट्टी मारू लागलं, म्हणून मी काकांच्या कानात साच्याचा लगदा भरला, तो धरेपर्यंत थांबले, आणि तिथेच कानशीनं घासून घट्ट बसणारा साचा केला. घाईचं काम, मला स्वतःला आवडलं नाही, पण शिट्टी थांबली. काकांनी भिंतीवरचा एक जुना थाळा वाजवला. नाद सरळ गेला. त्यांनी आणखी एकदा वाजवला.

"हां," ते म्हणाले. "आता माणसात आलं." आणि पी-शियाला सांगितलं, दुसरा थाळा मांड, निखारे सार, वेळ थोडा आहे.

इथे आपण चहा पिऊन निघायला हवं होतं. मी पिशवी भरायलाही घेतली. पण शिऊताई हलल्या नाहीत. त्यांच्या हातात काकांच्या कानाचा आलेख होता, आणि त्या आलेखात उजवीकडची, उंच सुरांची बाजू दरडीसारखी कोसळलेली होती.

त्यांनी पी-शियाला बाजूला घेऊन विचारलं, नाद बसलेला आणि न बसलेला असे दोन थाळे आहेत का. होते. मग त्या काकांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या, पी-शियाला त्यांच्या मागे पाठवलं, आणि म्हणाल्या, "काका, मागे वळायचं नाही. ती दोन वाजवेल. बसलेला कुठला, सांगा."

काका हसले. असली परीक्षा त्यांनी वयाच्या नवव्या वर्षी दिली होती.

पहिला वाजला. दुसरा वाजला. मला ढ बाईलाही फरक कळला, पहिल्याचं शेपूट वर उचलत जात होतं, दुसऱ्याचं मातीत पडत होतं. काका म्हणाले, पुन्हा. पी-शियानं पुन्हा वाजवले. काकांची मान नकळत मागे वळू लागली, तशी शिऊताईंनी दोन्ही हातांनी त्यांचे खांदे धरले. हे मी दुकानात कधी बघितलं नव्हतं. गिऱ्हाइकाला त्या कधी हात लावत नाहीत.

"दोन्ही सारखेच आहेत," काका म्हणाले. "थट्टा करता काय म्हाताऱ्याची? दोन्ही बसलेले आहेत."

मागे पी-शिया दोन्ही थाळे छातीशी धरून उभी होती.

"मशीन अजून वाढवा."

"वाढवून उपयोग नाही, काका."

"मग दुसरं बसवा. महागातलं."

"महागातलंही तिथवर जाणार नाही. थाळ्याचं शेपूट जिथे ऐकू येतं, तो कानाचा भाग मेलाय. मशीन आवाज मोठा करतं. मेलेल्याला मोठ्यानं हाक मारून काय होणार?"

असं तोंडावर सांगायला छाती लागते. मी असते तर आठवडाभर बघू, सवय होऊ द्या, असं काहीतरी पुटपुटले असते. गिऱ्हाईक असंच टिकतं.

काका उठले. हातोडी त्यांच्या हातात होती. "कधीपासून मेलाय?"

"आलेखावरून सांगते, दहा वर्षं तरी झाली असतील. जास्तही."

"खोटं." ते शांतपणे म्हणाले. "दहा वर्षांत या भट्टीतून शंभरावर थाळे गेले. एक परत आला नाही. बेइकांगला विचारा, लुकांगला विचारा. कान मेलाय तर ते कुणी बसवले?"

हे त्यांनी शिऊताईंना विचारलं, पण बोलता बोलता ते वळले आणि नजर गेली ती सवयीनं निखाऱ्यांच्या पलीकडे, पी-शियाच्या तोंडाकडे. तिनं डोळे खाली केले.

मला वाटलं, शरमली. पण काकांकडे बघितलं तर त्यांचा चेहरा असा झाला होता, की जणू कुणी त्यांना त्यांच्याच घराचा पत्ता विचारला आणि तो त्यांना सांगता येईना. हातोडी आपोआप खाली आली होती, तिचा घाव मारून झाल्यासारखी.

नंतर पी-शियानं मला पाण्याच्या पिंपापाशी सांगितलं. शेवटच्या घावाला ती नेहमी समोर बसायची. बोलायची बंदी. एकदा बापाचा घाव चुकतोय असं वाटून तिनं भीतीनं डोळे वर केले आणि तो थांबला, आणखी एक हलका घाव घातला, नाद बसला, तिनं डोळे खाली केले. मग ते तसंच होत गेलं. नाद बसेपर्यंत ती बघत राहायची, बसला की मान खाली. बापाला ठाऊक होतं का? तिला वाटायचं, असेल. बापाला वाटायचं, आपण ऐकतोय. काल नवी मशीनं कानात घालून तो बसला आणि पहिल्यांदाच त्यानं डोळे मिटून घेतले. नीट ऐकावं म्हणून.

"मी मान खाली घालून बसले होते," ती म्हणाली. "पहिल्या घावापासून. तो मारत राहिला. ओरडायला हवं होतं. पण शेवटच्या घावाला आमच्याकडे कुणी ओरडत नाही."

तिकडे काकांनी हातोडी तिच्या बाजूला, दांडा पुढे करून धरली. ती नको म्हणाली. बाईनं घातलेला घाव मात्सूआईपुढे कसा चालेल, म्हणाली. देऊळवाल्यांना कळलं तर? तुम्ही बसा, मी समोर बसते, आजवर चाललं तसंच. मशीन काढून ठेवा.

खरं सांगायचं तर मलाही तेच शहाणपणाचं वाटलं. कुणाचं काही बिघडत नव्हतं. रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला आणि मला वाटलं देऊळवालेच आले, पण तो टेम्पो पुढे निघून गेला.

"इतकी वर्षं तू घातलास तो चालला," काका म्हणाले. "मात्सूआई बहिरी नाही."

पी-शिया बसली. काका समोर तिच्या जागेवर जाऊन बसले आणि मशीनं कानातच ठेवली. शिऊताई आणि मी दारात. मला खोकला येत होता, तो मी दातांत धरून ठेवला. तिनं थाळा बोटानं एकदा वाजवला, कान लावला. हात वर गेला आणि तिथेच थांबला. बराच वेळ. इतकी वर्षं तिनं नुसतं बरोबर-चूक सांगितलं होतं, घाव कधी घातला नव्हता. चूक झाली तर तिसरा थाळा नव्हता.

घाव पडला. नाद उठला, उचलत गेला, पत्र्याला लागला, शेडबाहेर गेला. तो कुठे संपला ते मला कळलं नाही. काका तिच्याकडे बघत होते. तिनं डोळे खाली केले नाहीत. बापाकडे बघून "झालं" म्हणाली, नेहमीच्या आवाजात. काकांनी मान डोलवली.

देऊळवाले आले तेव्हा चुलीवरचा चहा उतू जात होता. समितीचे चुआंग भाऊ, पोट आधी आत येतं मग ते, आणि दोन माणसं. थाळा वाजवून बघितला. चुआंग भाऊंनी डोळे मिटून संपेपर्यंत ऐकला आणि म्हणाले, श्याओ काका, तुमच्या हाताला म्हातारपण नाही. मग रीतीप्रमाणे खिशातून लाल फडकं काढलं. शेवटचा घाव घातला त्या मनगटाला ते बांधायचं असतं, पालखी परत येईपर्यंत सोडायचं नसतं.

फडकं पुढे करून ते उभे राहिले. काकांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि तसेच धरून ठेवले, शाळेत पोरं उभी राहतात तसे.

"काका, हात," चुआंग भाऊ म्हणाले. ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा मोठ्यानं म्हणाले.

"ऐकू आलं," काका म्हणाले. आणि हलले नाहीत.

चुआंग भाऊंनी मागच्या माणसांकडे बघितलं, मग आमच्याकडे, मग थाळ्याकडे. शहाणा माणूस, देवळाची समिती उगाच चालवत नाही. त्यांनी काही विचारलं नाही. पी-शियानं एप्रनला हात पुसला, परत पुसला, काजळी तशीच राहिली, तसाच पुढे केला.

फडकं तिच्या मनगटाला दोन वेढे बसलं, तरी टोक उरलं. बापाच्या मनगटाला ते एकदाच पुरायचं.