डोळ्यातला तांबडा कण

मी कॅमेरा बोलतोय. बसा म्हणणार होतो, पण मलाच एका जागी चैन नाही, तुम्हाला कुठून बसवू? माझ्या डोळ्यात कण गेलाय. तुमच्या डोळ्यात असं काही गेलं की तुम्ही घर डोक्यावर घेता. कुणी पदराचा बोळा करून फुंकर मारतं, कुणी पाणी आणतं. मला हात नाहीत. चार महिने गप्प राहिलो, आता नाही राहवत.

माझा जन्म फार लांबच्या कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात असायची. धुळीचं नाव काढलं तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. तिथून मी पिशवीत, पिशवी खोक्यात, असा बेळगावच्या एका दुकानात आलो. तिथे कामाला असलेला भरमू भेटला. पन्नाशीचा, जाड चष्म्याचा, काकतीहून रोज बसने येणारा. खोक्याचं सील त्याने मला विकत घ्यायला आलेल्या दिपालीच्या डोळ्यांसमोर फोडलं.

"बघा ताई, आरशागत हाय," तो म्हणाला. आणि मी होतोच तसा.

दिपाली येळ्ळूरची. बेळगावात एका शाळेच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. तिचे वडील मारुतीराव एकेकाळचे पैलवान, आता गावच्या तालमीत वस्ताद. त्यांनी एवढ्या कुस्त्या मारल्या, पण फोटो म्हणाल तर एकच, तोही स्टुडिओतला. मागे रंगवलेला ताजमहाल, खांद्यावर गदा. दिपालीला त्या फोटोचा राग यायचा. तिला खरी कुस्ती टिपायची होती, घामामातीसकट. येत्या कुस्त्यांच्या मैदानाचे फोटो काढायचं तिने कमिटीकडून कबूलही करून घेतलं होतं. त्यासाठी मला आणलेलं.

या घराची एक रीत आहे. नवीन वस्तू आली, मग ती मोटारसायकल असो की मिक्सर, मारुतीराव तिच्या कपाळाला हौद्यातली चिमूटभर माती लावतात. हौदा म्हणजे तालमीतला आखाडा. तिथली माती तांबडी, ताक, तेल, लिंबू आणि हळद घालून मळलेली. मी आलो त्या संध्याकाळी ते तालमीतून तसेच माझ्याकडे आले. दिपाली आत चहा टाकत होती. माझ्या डोक्यावर फ्लॅशचा उंचवटा आहे, त्यालाच त्यांनी कपाळ मानलं.

"यश घे," म्हणाले. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

मग त्यांनी मला उचललं. अंगाला धरून उचलायचं सोडून भिंगाला धरलं. अंगठा नेमका बाजूच्या बटणावर पडला आणि पैलवानाचं मनगट सवयीने पिळलं गेलं. भिंग त्यांच्या मुठीत, मी टेबलावर, तोंड उघडं!

"आई गं," ते पुटपुटले. घाईघाईने भिंग लावायला गेले. आधी वाकडं, मग उलटं, मग एकदाचं खट् झालं. तेवढ्यात त्यांच्या नखांतले चार कण आत पडले, डोळ्यामागच्या दुधी काचेवर, जिच्यातून बघणाऱ्याला समोरचं दिसतं. मारुतीरावांनी टॉवेलने माझं कपाळ पुसलं, मला खोक्यात ठेवलं आणि न्हाणीत जाऊन बराच वेळ हात धुतले.

सकाळी दिपालीने मला डोळा लावला.

"आप्पा, ह्यात डाग दिसतोय बघा."

"कुठं?"

"वरच्या कोपऱ्यात. आणि बारकं दोन-तीन."

"मला काय कळतंय त्यातलं," आप्पा म्हणाले आणि चप्पल घालून बाहेर पडले.

तिथून जे सुरू झालं ते काही विचारू नका. तिने पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला, आभाळाचा काढला. फोटोत एकही डाग नव्हता, आणि असणारही नव्हता. माणूस डोळा लावून बघतो ती वाट वेगळी आणि फोटो उमटतो ती वाट वेगळी. फोनवर वाचून तिला तेही कळलं. पण कळून काय उपयोग? समोर शेजारचं वासरू उधळत होतं आणि ही बघत होती डाग! मला हलवलं, उलटं केलं, रबरी फुग्याने बाहेरूनच फूस फूस हवा मारली. एकदा कान कोरायची कापसाची काडी घेऊन आली. माझा जीव गोळा झाला. सुदैवाने तिनेच काडी खाली ठेवली.

मारुतीराव हे सगळं दारातून बघायचे.

"दिपा..."

"काय आप्पा?"

"चा झाला काय?"

तीन दिवस असंच. बिचाऱ्यांनी किती चहा प्यायला देव जाणे. शब्द ओठापर्यंत यायचा आणि चहाबरोबर खाली जायचा. मला सगळं ठाऊक होतं, पण सांगणार कसा? ती तगमग डोळ्यातल्या कणापेक्षा वाईट होती.

चौथ्या दिवशी दिपालीने मला खोक्यात भरलं. "सील परत चिकटवून उघडलेला पीस गळ्यात मारलाय. आज बघतेच त्या दुकानवाल्याला. आप्पा, तुमीबी चला. तुमास्नी बघून सरळ हुईल त्यो."

आणि आप्पा निघाले! स्कूटरच्या मागे बसले, मांडीवर मी. रस्ताभर त्यांचे हात खोक्यावर घट्ट होते.

दुकानात दिपालीने मला काउंटरवर ठेवलं आणि जे बोलायचं ते बोलून घेतलं. मालकाने एकदा मारुतीरावांच्या कुस्तीत मोडलेल्या कानांकडे बघितलं आणि सगळा मोर्चा भरमूकडे वळवला. आधी कन्नडमध्ये कडाडला, मग दिपालीला कळावं म्हणून मराठीत.

"गिऱ्हाइकांना दाखवायला खोका आधी उघडला असशील तू!"

"न्हाय मालक. सील ताईंच्या म्होरं फोडलंय."

"मग धूळ आत आली कुठून? चालत?"

भरमूने भिंग काढलं, छोटी बॅटरी लावली, चष्मा कपाळावर सरकवून माझ्यात डोकावला. बराच वेळ बघत राहिला. मग नाक जवळ आणून वास घेतला. मी त्याचा चेहरा अगदी जवळून बघत होतो. त्याला कळलं. काकतीच्या तालमीत तोही पोरवयात लोळला असणार, नाहीतर तो वास कुणाला ओळखता येतो? त्याने मान वर केली. मारुतीरावांचे कान बघितले, त्यांची नखं बघितली, मग त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

आणि त्याने भिंग परत लावलं.

"चुकलं असंल माझं," तो मालकाला म्हणाला.

"मग उद्यापासून येऊ नकोस."

भरमू मान खाली घालून काउंटर पुसायला लागला. पुसलेलीच जागा परत परत पुसत होता. मला ओरडावंसं वाटलं. माझ्याकडे एकच आवाज आहे, खटक्याचा, आणि तोही दुसऱ्याच्या बोटाने येतो.

"थांबा," मारुतीराव म्हणाले.

सगळे थांबले.

"त्येची चूक न्हाय. ती माती माझी हाय. तालमीतली. मी लावाय गेलतो, आन् ते म्होरचं भिंग माझ्या हातात आलं."

दिपाली त्यांच्याकडे वळली. "आप्पा! आन् चार दिवस गप बसलासा? का सांगितलं न्हाय?"

"भ्यालतो."

"कुणाला?"

"तुला गं." ते खाली फरशीकडे बघत होते. "मैदानात कुणाला भ्यालो न्हाय. तू येवढ्या हौसंनं आणलास, आन् मी पयल्याच दिशी..."

दिपालीचा राग कुठल्या कुठे गेला. तिने आधी भरमूची माफी मागितली, मग मालकाकडे वळली. "उद्या ह्ये हितं दिसलं न्हाईत तर मी परत येईन," म्हणाली. मालकाने घाईघाईने मान हलवली. मारुतीरावांनी भरमूपुढे हात जोडले. "नको वस्ताद," म्हणत त्याने ते हात धरून खाली केले.

मग भरमूने मला पालथं धरून फुग्याने हवा मारली. तीन कण गेले. चौथा हटेना. "ताई, ह्यो चिकटलाय. काढाय गेलो तर काच खरवडंल. फोटोत येत न्हाय."

"राहू दे," दिपाली म्हणाली.

मला कुणी विचारलं?

मैदान झालं. दिपालीने फोटो काढले, चांगले आले, लोकांनी घरी लावले. कण आहे तिथेच आहे. टोचतो, पण आता मला त्याचं एवढं काही वाटत नाही. टोचतं ते वेगळंच.

त्या दिवसापासून मारुतीरावांनी मला हात लावलेला नाही. मी टेबलावर असलो तर ते दोन्ही हात पाठीमागे बांधून, वळसा घालून जातात. परवा दिपालीने "आप्पा, जरा धरा की ह्यो," म्हटलं, तर "नको बाई" म्हणून सरळ अंगणात गेले. एवढा मोठा पैलवान मला भितो, हे मला बघवत नाही.

म्हणून एवढं बोललो. आप्पा, एकदा उचला मला. फक्त भिंगाला धरू नका, अंगाला धरा. मी पडणार नाही. तालमीतून आलात तर तसेच या, हात धुवायचीसुद्धा गरज नाही.