धुऱ्यावरचा तांदुळजा

मी धम्मदीपच्या घशात दोन बोटं घातली. त्यानं कडकडून चावा घेतला, तरी काढली नाहीत. तीन वर्षांचं लेकरू मांडीवर पालथं घालून मी पाठीत थापा मारत होते, आणि आत्याबाई, माझ्या सासूबाई, माझा दंड ओढत होत्या.

"सोड त्याला, दीक्षे. मारून टाकती का पोराला?"

मी त्यांना मोकळ्या हातानं जोरात ढकललं. त्यांचं कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं. तेवढ्यात पोराला हिरवी ओकारी झाली, आणि मला फक्त तीच दिसली.

झालं होतं असं. औषध मारलेलं काही खायचं नाही, हा घरात माझाच नियम. घरामागच्या वाफ्यात मेथी, भेंडी मी लावलेली. अळ्या रोज बोटांनी चिरडायच्या. त्यांचा रस नखांत बसायचा. धम्मदीपनं जेवताना मोबाईल बघायचा नाही, समोरचा घास बघायचा, सावकाश चावायचा. आत्याबाई शेजारणीला सांगायच्या, आमची सून भाजी पारखती जशी सोयरीकच जमवायलीय. पण बाजारची भाजी त्यांनीही घरात आणली नाही.

त्या आठवड्यात अळ्या जिंकल्या. वाफ्यात नुसते देठ उरले. पोरगं कोरडी भाकर थुंकायला लागलं, तशा आत्याबाई शेताच्या बांधावर, धुऱ्यावर गेल्या आणि ओटीभर तांदुळजा खुडून आल्या. कोवळा, टवटवीत. लसूण घालून परतला, स्वतः जेवायच्या आधी नातवाला भरवायला बसल्या. मीही निर्धास्त होते. आपोआप उगवलेल्या भाजीवर कोण कशाला औषध मारेल?

दीर, बुद्धभूषण, फवारणीचा पंप घेऊन अंगणात आले. ताट बघून दारातच थांबले.

"वैनी, ही धुऱ्यावरची न्हाई ना? काल तणनाशक मारलं मी तिथं."

"हिरवीगार व्हती रं," आत्याबाई म्हणाल्या.

"वाळायला आठ दिस लागतेत, माय."

पोर ओकून निपचित पडलं, तेव्हा मी तो पंप उचलून दगडावर आपटला. फुटेपर्यंत आपटला. दिरांनी अडवलं नाही. त्यांनी गाडी काढली आणि आम्ही कळमनुरीला दवाखाना गाठला. दिवसभर सलाईन लावून डॉक्टर म्हणाले, धोका नाही, घरी न्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंच्या कपाळावर हळद भरलेली होती. डोळा सुजून मिटलेला. त्यांनी वाटीत दूध घेऊन भाकर कुस्करली. धम्मदीप आपणहून त्यांच्या मांडीवर जाऊन बसला आणि त्यानं तोंड उघडलं.

घास त्याच्या ओठापाशी नेऊन त्या थांबल्या. एका डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं.

"भरवू का?"

मी आधी वाटीत वाकून पाहिलं. मग मान हलवली.