छातीवरचा फोटो

कुलूप उघडायला गेलं की आधी दार ढकलून बघावं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. निम्मी दारं नुसती ओढून घेतलेली असतात. साथ ओसरल्यावर चार महिने मी दुसरं काही केलं नाही. नगरपालिकेचा कारकून बंद घरांची यादी आणायचा आणि मी ती घरं उघडून द्यायचो. आत कुठे वाळलेल्या कुंड्या, कुठे दोरीवर अजून टांगलेले कपडे. एवढी घरं ओस पडली होती, आणि आम्हा दोघांना कुणी एक खोली देत नव्हतं.

आम्ही दोघं म्हणजे मी आणि मास्तर. मास्तर शिंपी आहे. सहा वर्षं आम्ही एकत्र राहतोय, नवरा-बायको राहतात तसे, आणि भांडतोही तसेच. जुने घरमालक साथीत गेले. ते बिचारे कधी काही विचारत नसत. त्यांच्या मुलाने मात्र आल्या आल्या विचारलं, आणि उत्तर पुरतं न ऐकताच घर खाली करायला सांगितलं. तेव्हापासून आम्ही मास्तरच्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलाखाली झोपत होतो. आता महिनाअखेरीस दुकानही सोडायचं होतं.

सहा घरमालकांनी नाही म्हटलं. फॅमिलीलाच देतो, हे सगळ्यांचं ठरलेलं वाक्य. एकाला मी म्हणालो, "फॅमिलीच आहोत," तर मास्तरने मला दंडाला धरून जिना उतरवला. "जगाची कुलपं उघडतोस," तो म्हणाला, "स्वतःच्या तोंडाला एखादं लाव."

सातवं घर टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकूंचं. त्या वर एकट्या राहायच्या. खाली एक खोली, स्वयंपाकघर, मागे मोरी, भिंती कोरड्या. मास्तर खिडकीपाशी उभा राहून शिलाईचं यंत्र कुठे बसेल ते डोळ्यांनी मापत होता. इतक्या महिन्यांत त्याला काही हवंसं वाटताना मी पहिल्यांदा बघत होतो.

"तुम्ही दोघं एकमेकांचे कोण?" काकूंनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मास्तर म्हणाला, "हा माझा मेव्हणा. याची बहीण माझी बायको. साथीत गेली."

माझी ताई साथीत गेली, एवढंच त्यातलं खरं होतं. ती नर्स होती. आमच्या सगळ्या गोतावळ्यात ती एकटीच आमच्याकडे येऊन जेवायची. लग्नाचा विषय काढला की म्हणायची, मी सासरी गेले तर तुमची भांडणं कोण सोडवणार? मास्तरने तिला एका वाक्यात बायको करून टाकलं आणि मी मान खाली घालून उभा राहिलो. त्याची मला आजही लाज वाटते. पण खोली हातची घालवायचीही हिंमत नव्हती.

काकू विरघळल्या. "बायको गेल्यावर मेव्हण्याला कोण विचारतं हल्ली," त्या म्हणाल्या. "रविवारी सामान आणा."

रस्त्यावर आल्यावर मी मास्तरवर तुटून पडलो. "मेलेल्या माणसाच्या जिवावर घर मिळवलंस."

"ती असती तर म्हणाली असती, खुशाल सांग."

"ती असती तर म्हणाली असती, खरं सांग."

माझ्याकडेही दुसरी खोली नव्हती, म्हणून मीच रविवारसाठी हातगाडी ठरवली.

रविवारी यंत्र, माझी हत्यारांची पेटी आणि दोन वळकट्या घेऊन आम्ही आलो. दोऱ्यांची रिळं मास्तर खिडकीत मांडत होता, तेवढ्यात काकू हातोडी आणि खिळा घेऊन खाली आल्या. "तिचा फोटो कुठंय? पेटीत ठेवू नका. घरातलं माणूस भिंतीवर तरी असू दे."

नाही म्हणायची सोय नव्हती. ताईचा धड असा एकच फोटो आमच्याकडे होता. साथीत नर्सेस डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात असायच्या. समोर कोण आहे ते रोग्याला कळायचंच नाही. म्हणून ताईने आपला हसरा फोटो मोठा करून घेतला आणि रोज तो छातीवर चिकटवून ती वॉर्डात जायची. हॉस्पिटलने तिच्या सामानाबरोबर तो परत केला. कोपऱ्यांवरची चिकटपट्टी आम्ही काढली नव्हती.

मी फोटो काकूंच्या हातात दिला. त्यांनी चिकटपट्टीवरून बोट फिरवलं आणि यंत्रापुढच्या स्टुलावर बसल्या.

"वॉर्डात अकरा दिवस मी हा चेहरा बघत होते," त्या म्हणाल्या. "वर नुसती काच. त्यात डोळेही नीट दिसायचे नाहीत. मी या फोटोशीच बोलायचे."

मास्तरचा हात रिळांवरच थांबला.

"तिचं लग्न झालं नव्हतं. तिनेच सांगितलं होतं मला. म्हणाली, एक भाऊ आहे, कुलपांची कामं करतो, राग नाकावर. आणि भावाचा माणूस आहे. दोघांना घर शोधून द्यायचंय. मी विचारलं, भावाचा माणूस म्हणजे? तर म्हणाली, तुम्हाला वाटतंय तेच. मला असलं काही पटत नाही. पण धाप लागलेली, भांडायला जीव नव्हता. म्हटलं, बरी झाले की तुझ्याशी भांडेन. म्हणाली, जरूर भांडा, आधी बऱ्या तर व्हा." काकूंनी फोटो मांडीवर ठेवला. "मी बरी झाले. घरी आले तेव्हा कळलं, ती गेली."

मग त्यांनी मास्तरकडे बघितलं. "आणि तुम्ही तिला बायको केलंत."

"चुकलो, काकू," मास्तर म्हणाला. "घर जाईल अशी भीती वाटली."

काकू माझ्याकडे वळल्या. "पुन्हा विचारते. हा तुझा कोण?"

वळकट्या अजून सोडल्या नव्हत्या. उचलून न्यायला दहा मिनिटं लागली असती, आणि न्यायच्या कुठे, ते माहीत नव्हतं. मास्तर माझ्याकडे बघत होता. गप्प बस म्हणत नव्हता, बोल असंही म्हणत नव्हता. आयुष्यात मी एवढी दारं ढकलली होती, हेही ढकलून बघितलं.

"माझा माणूस," मी म्हणालो. "ताई सांगायची तो हाच."

काकूंनी पदराने फोटो पुसला. "मला अजूनही पटत नाही," त्या म्हणाल्या.

"बरं," मी म्हणालो आणि वळकटी खांद्यावर घेतली.

"ठेव ती खाली. तिच्याशी भांडायचं राहून गेलंय माझं. आता तुमच्याशी भांडेन. भांडायला माणूस समोर लागतो."

मास्तरने आमच्याकडे पाठ केली आणि लावलेली रिळं पुन्हा लावायला लागला. त्याचे खांदे हलत होते. मला काय करावं सुचेना, म्हणून मी हातोडी घेतली आणि हात पोचेल तेवढ्या उंचीवर भिंतीला खिळा लावला.

"तिथे नको," काकू म्हणाल्या. "खाली घे. अजून खाली."

खिळा माझ्या छातीशी आला तेव्हा त्या म्हणाल्या, "हां, तिथे. खाटेवरून तिथेच दिसायची."